नैवेद्याची गोळी

न्हाई न्हाई ताई, तो शब्द इथं ओट्यावर न्हाई. 'तेल' म्हणा, 'गोळी' म्हणा, नुसतं 'ते' म्हणा — मी अन् माझी बायको चाळीस वर्षं एकमेकांना नुसतं 'अहो' अन् 'अगं' म्हणून राहिलोत, कुणाचं अडलं न्हाई. पण तेलाच्या आधी तुमी जो शब्द लावला ना, तो तेवढा पोटात ठेवा. बसा. त्या खुर्चीचा एक पाय आखूड आहे, डावीकडं रेलू नका, मागच्या ताई रेलल्या होत्या. पाणी घ्या, माठातलं आहे. रागिणी, म्हणजे आमची सून, लेकराला न्हाऊ घालून राहिली, येईलच. अन् नर्मदाबाई — आमचं कुटुंब — आज एकादशी म्हणून नर्सीला नामदेवाच्या दर्शनाला गेल्यात. भजनी मंडळाच्या सात बाया अन् एक ऑटो. मला त्या ऑटोचं वाईट वाटतं. बाराच्या आत येतात. तवर तुमचा फॉर्म उरकून घेऊ, काय विचारायचं ते विचारून घ्या, मात्र ती आली की तुमी फक्त जवसाबद्दल बोलायचं. जवस. काळं, चपटं, चटणीचं. ठाऊक आहे ना? बरं झालं. कॉलेजात शिकवत नसतील म्हणून विचारलं.

काहून म्हणजे? तुमी नव्या दिसता. मागच्या ताईंनी काही लिहून ठेवलं न्हाई का? न्हाईच ठेवणार. मी पंचायत समितीत चौतीस वर्षं लिपिक होतो ताई, जाणारा माणूस येणाऱ्याला कधीच काही सांगून जात न्हाई, नुसता कपाटाची किल्ली देऊन जातो अन् ती बी दुसऱ्याच कपाटाची. तर ऐका. गेल्या आषाढात तुमच्या मेडिकल कॉलेजची माणसं आमच्या पुसेगावात आली, गावातल्या आशाताईनं, शिलानं, अंगणवाडीत बाया जमवल्या. गरोदर बाईला पाचव्या महिन्यापासून ते तेल द्यायचं, बाळंतपणानंतर बी तीन महिने द्यायचं, अन् बघायचं की आईची अन् लेकराची रोगाशी लढायची ताकद वाढते का. रक्त घ्यायचं, नाळेतलं रक्त घ्यायचं, दूध तपासायचं. मला पटलं. मी वाचणारा माणूस आहे — गावात दोन पेपर येतात, एक मी वाचतो अन् दुसरा बी मीच वाचतो. अन् रागिणीला तर माझ्याआधी पटलं, कारण आमची थोरली नात. ती बघा, अंगणात कोंबडीला शाळा शिकवून राहिली ती. पहिलं वर्षभर तिची छाती घरघरायची. दर पंधरा दिवसांनी हिंगोली, वाफ, सलाईन, परत हिंगोली. योगेश, आमचा मुलगा, म्हणायचा की बाबा, आपण तिकडंच खोली करू, जाण्यायेण्याचा तरी तरास वाचेल.

सोपं होतं, न्हाई का? गोळी घ्यायची, पाणी प्यायचं. पण आमचं घर माळकरी. हे बघा, माझ्या बी गळ्यात आहे. माझी लग्नातली आहे — सासऱ्यांची अट होती, माळ घाला अन् मुलगी न्या. मी दोन्ही गळ्यात घालून घेतल्या. नर्मदाबाईची मात्र आतून आहे. त्यांनी उभ्या जन्मात अंडं फुटलेलं पाहिलं न्हाई. शेजारी कुणाकडं सुकट भाजली तर ह्या आमची खिडकी धुतात. अशा बाईला मी काय सांगायचं — की तुझ्या सुनेच्या पोटात रोज सकाळी समुद्र जाणार आहे? मंग मी चौतीस वर्षांचा अनुभव पणाला लावला अन् मजकूर जरा सुधारला. म्हणलं, जवसाचं तेल आहे.

खोटं? खोटं कसं म्हणता येईल. कार्यालयीन भाषेत त्याला 'वाचावे' म्हणतात. 'अमुकऐवजी तमुक वाचावे.' अन् तुमच्या डबीनं बी साथ दिली — तिच्यावर नुसता नंबर, बाकी नाव न्हाई, चित्र न्हाई, काही न्हाई. मला वाटलं, तुमच्या कॉलेजात बी कुणी माळकरी असेल, त्यानं समजून घेतलेलं दिसतं. जवस म्हणल्यावर नर्मदाबाईचा चेहरा असा खुलला — त्यांच्या माहेरी जवसाची चटणी म्हणजे पाचवा वेद. म्हणाल्या, "सरकारला पहिल्यांदाच अक्कल आली." अन् डबी घेतली माझ्या हातातून, कमरेला खोचल्यासारखी घेतली, अन् गेल्या आत. मी सुटलो. मला वाटलं मी सुटलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी बघतो तर देवघरात, पांडुरंगापुढं, चांदीच्या वाटीत — वाटीत काय असेल? गोळी. पिवळी, चकचकीत. वर तुळशीचं पान. पाण्याचं मंडल काढलेलं. बाजूला वाटीभर दूध. अन् ह्या डोळे मिटून नैवेद्य दाखवून राहिल्या! मला दरदरून घाम. ताई, मी तुमाला सांगतो, नोकरीत माझी दोनदा चौकशी लागली, तवा बी मला असा घाम न्हाई फुटला. नैवेद्य झाला, मंग ती गोळी प्रसाद म्हणून सुनेच्या हातावर. रोज. एक दिवस चुकला न्हाई. दिवाळीला तर गोळीपुढं पणती लावली. आठ महिने, ताई. आठ महिने पंढरीच्या राण्याला आमच्या घरात रोज सकाळी सात वाजता मासळी — बघा, मीच म्हणालो शेवटी.

हसू नका. मी माझ्या मनाची समजूत घातलीच ना. म्हणलं, देवा, तुझा पहिलाच अवतार मत्स्याचा, तुला काही हे नवीन न्हाई, तू घरचाच माणूस. पण समजूत ही अशी असते की दिवसा पटते अन् देवघरासमोरून जाताना पटत न्हाई. मी महिनाभर मागच्या दारानं ये-जा केली. वरून ते मांजर! शेजारचं बोकं, आमच्याकडं कधी फिरकायचं न्हाई, ते रोज सातच्या ठोक्याला देवघराच्या उंबऱ्यावर येऊन बसायला लागलं. नर्मदाबाई म्हणायच्या, पुण्यवान जीव आहे, मागल्या जन्मीचा टाळकरी असेल. मी मनात म्हणायचो, टाळकरी कसला, ह्याला वास आलाय. वास मला बी यायचा. डबी उघडली की थेट धरणाचा काठ. रागिणीला तर ढेकर यायचे, ती बिचारी पदर तोंडाला लावून गोठ्याकडं पळायची. तिला ठाऊक होतं ना, तिनंच सही केलेली. आमी दोघं एकमेकांकडं बघायचो बी न्हाई. सासरा-सून असून चोर-चोर झालो.

तुमी म्हणाल, मंग सांगून का न्हाई टाकलं. सांगितलं असतं. भांडली असती तर सांगितलं असतं, भांडण मला जमतं. ती भांडणारी न्हाई. ती गप्प बसते. एकदा मी तिच्या भावाला चिडून दोन शब्द बोललो, तर ती जेवण वाढायची, पाणी द्यायची, सगळं बराबर, पण चार महिने बोलली न्हाई. ती तकलीफ वेगळी असते, ताई. अन् दुसरं असं की... आमचं पहिलं लेकरू, योगेशच्या आधीचं, तिसऱ्या महिन्यात गेलं. छातीच भरली होती. त्या काळी वाफ न्हवती अन् रस्ता बी न्हवता, पूर्णा फुगलेली. ती त्याबद्दल बोलत न्हाई. पण त्या वाटीत गोळी ठेवताना तिचा हात मी बघितलाय. ते बघितल्यावर कुणी सांगावं तिला की, बाई, तू आठ महिने देवाला काय चारून राहिलीस? ज्याच्यापाशी लेकरू मागितलं त्यालाच बाटवलंस? मी न्हाई सांगणार. अन् आज तुमाला बी सांगू देणार न्हाई. एवढंच आहे. बाकी काय विचारायचं ते विचारा.

हां, विचारा ना. गोळ्या सगळ्या घेतल्या. एक न एक. लिहा — 'नियमित.' श्रावणाचा महिना सोडला तर... न्हाई, म्हणजे श्रावणात बी घेतल्या. गोळ्या घेतल्या. कोणत्या घेतल्या असं तुमी विचारलं न्हाई ना? विचारलं? आता विचारलं तर... थांबा, पेन जरा खाली ठेवा. पेन वर असलं की मला खरं बोलता येत न्हाई, सवय आहे.

त्याचं असं झालं, ताई. श्रावण लागला. आता आषाढापर्यंत मी कसंतरी निभावलं, पण श्रावणात देवाला... मला झोप लागेना. मंग मी गेलो हिंगोलीला, औषधाच्या दुकानात विचारलं, जवसाच्या तेलाची गोळी असते का हो? तर असते! पिवळी, चकचकीत, तशीच! आणल्या तीस. तुमच्या डबीतल्या तीस काढल्या, ह्या तीस भरल्या. म्हणलं, एक महिना तरी देवाच्या घरी नर्मदाचं बोलणं खरं होईल. भादव्यात राहिलेल्या डबीतल्या पुन्हा सुरू. आता तुमच्या हिशेबी महिनाभराचा खाडा पडला, कबूल. तुमी असं लिहा, 'अपरिहार्य धार्मिक कारणास्तव अंशतः बदल.' वरच्या साहेबाला काही कळत न्हाई अशा वाक्यातलं, तो सही करतो.

काढलेल्या तीस? त्यांचं काय केलं म्हणजे? त्यांचं... फेकल्या. न्हाई. फेकवतात का? कॉलेजचा माल. एवढ्या लांबून आलेला. मी... घेतल्या. मीच घेतल्या, रोज एक, मोरीत उभं राहून, पाण्याबरोबर. श्रावणात. माळ घातलेल्या माणसानं. आता तुमी म्हणाल—

म्हणून मी मघापासून विचारीन विचारीन म्हणून राहिलो. हे रक्तात कळतं का हो? म्हणजे रागिणीचं न्हाई, समजा एखाद्या बासष्ट वर्षाच्या माणसाचं रक्त घेतलं, तर त्यात कळतं का की ह्यानं आयुष्यात काय काय... नुसत्या गोळीचं न्हाई. आता सांगायलाच बसलोय तर. त्या तीस गोळ्या संपल्या अन् मला वाटलं, माळ तर गेलीच. गुन्हा तर नोंदला गेला. मंग ज्याची शिक्षा भोगायची त्याची निदान चव तरी ठाऊक असावी, का न्हाई? न्याय काय म्हणतो? कार्तिकात बँकेत हयातीचा दाखला द्यायला हिंगोलीला गेलो होतो. जिवंत आहे असं लिहून दिलं, अन् बाहेर पडलो तर कोपऱ्यावर वसराम म्हणून एकाची माशांची गाडी. मरळ तळून राहिला होता. ताई, मी जिवंत आहे हे मला बँकेत न्हाई, त्या गाडीपुढं कळलं. माळ काढली, रुमालात बांधली, वरच्या खिशात ठेवली, खिशावर हात ठेवला, अन् दुसऱ्या हातानं... तवापासून महिन्यातून एखादेवेळी. दोनदा. वसराम मला 'बाबा, आज लिंबू जास्त देऊ का' म्हणतो आता. घरी येताना मी बडीशेप खातो, पान खातो, पेरू खातो. नर्मदाबाई म्हणतात, "हिंगोलीला गेलं की तुमी लई फळं खाता." म्हणलं, डॉक्टरनं सांगितलंय.

पण ह्याचा दोष कुणाचा, तुमीच सांगा. माझा? मी बासष्ट वर्षं त्या वाटेला गेलो न्हाई. मला त्या वाटेला लावलं ते तुमच्या गोळीनं. शरीराला एकदा सवय लागली की ते मागतं, हे मी वाचलेलं आहे. हे बी लिहून घ्या तुमच्या फॉर्मात, इतर परिणाम म्हणून — 'गर्भवतीच्या सासऱ्यास ओढ निर्माण झाली.' शास्त्राला उपयोग होईल.

अन् फायदा झालाच की, मी काय न्हाई म्हणतो? लेकरू सहा महिन्यांचं झालं. एकदा शिंकलं न्हाई! जन्मल्या जन्मल्या तासाभरात पहिलं दूध पाजलं — पिवळं, चिकट ते, आमच्याकडं पूर्वी पिळून फेकायचे, पण शिला आशा येऊन बसली होती, ती अन् नर्मदाबाई दोघी एका बाजूनं, कुणाची हिंमत फेकायची? लसीचे डोस सगळे वेळेवर. ह्या हिवाळ्यात थोरलीला दोनदा पडसं झालं, त्याला न्हाई. दिवसभर टाचा घासून राहतं. त्या गोळीची किमया, दुसरं काय. नर्मदाबाई म्हणतात नैवेद्याची किमया. भांडण एकच, गोळी तीच.

काय आहे ते? पाकीट? उघडा ना. कुणाची गुपितं आहेत त्यात?

आं?

परत सांगा. हळू सांगा, मी लिपिक आहे, मला एकदम सगळं समजत न्हाई. दोन तऱ्हेच्या डब्या. एकीत ते तेल. दुसरीत नुसतं साधं. तुलनेसाठी. अन् कुणाला कोणती ते बाईलाबी ठाऊक न्हाई, तुमालाबी ठाऊक न्हाई, आज पाकीट उघडेस्तोवर. असं कुणी सांगितलं होतं? फॉर्मात होतं? तिसऱ्या पानावर? ...ताई, मी पहिल्या पानावरचं मराठी दुरुस्त करत बसलो होतो. इतकं वाईट मराठी होतं की पुढं जाववेना. रागिणीला म्हणलं, मी वाचलंय, तू कर सही. चौतीस वर्षं मी दुसऱ्यांच्या न वाचता सह्या घेतल्या, मला काय ठाऊक की एक दिवस...

मंग आमच्या नंबरला?

साधं. साधं म्हणजे कशाचं?

सोयाबीन.

सोयाबीनचं तेल. ताई, ते काय दिसून राहिलं ओट्यापुढं, ती चार एकरं, तिथं दरसाल सोयाबीनच असतं. ते देवानं आठ महिने खाल्लं? मंग मांजर? मांजर काहून यायचं? हां... दूध. वाटीभर दूध ठेवायची ती. अन् रागिणीचे ढेकर? तिला वाटायचं म्हणून? अन् मला वास यायचा तो? धरणाचा काठ? सोयाबीनला? बासष्ट वर्षांचं नाक हे... अन् लेकरू ठणठणीत आहे ते? एका घरावरून काही ठरत न्हाई. पाचशे बायांचं एकत्र करून मंग बघणार. बरोबर आहे तुमचं. शास्त्राचं असंच असतं. पण मंग — थांबा — मंग माझ्या त्या तीस गोळ्या बी सोयाबीनच्या. म्हणजे माझ्या शरीराला सवय लागली ती... म्हणजे वसरामच्या गाडीपुढं मी गेलो तो...

नुसताच गेलो.

ते आधीचं, ओढ निर्माण झाल्याचं, तेवढं खोडा. लिहिलं न्हवतं ना? दाखवा. बरं. बरं, बरं! पण ताई, हे तर चांगलं झालं! तुमच्या लक्षात येतंय का? नर्मदानं काही केलंच न्हाई! देवापुढं गेलं ते बियांचंच तेल गेलं, जवस न्हाई तर सोयाबीन, एकाच बाजारातलं. आता मी उघड सांगू शकतो, तुमी बी सांगू शकता, मोठ्यानं सांगा, तो मघाचा शब्द बी म्हणा हवा तर — ऑटो आला बघा. आल्या. सात गेल्या होत्या, आठ उतरून राहिल्या. ये, ये नर्मदा, ह्या कॉलेजच्या ताई. अगं, तो प्रसाद आधी खाली ठेव अन् ऐक. ती गोळी होती ना आपली, ती तपासून आली. त्यात मासळी-बिसळी काही न्हवतं. नुसतं सोयाबीनचं तेल! अगं, बस ना. अशी मटकन खाली काहून बसलीस? रडून राहिली का हसून राहिली? ताई, हिला पाणी द्या जरा.

कशाची माफी? पांडुरंगाची माफी तू काहून मागायचीस? रोज?... शिलानं सांगितलं होतं? पहिल्याच दिवशी? म्हणजे तुला... म्हणून तू आधी त्याच्यापुढं ठेवायचीस? 'तू चाख अन् दोष तुझ्याकडं ठेव, लेकराला नको'... आठ महिने? एकटीनं? अगं, मंग मला एका शब्दानं...

माझ्या गळ्यात माळ आहे म्हणून?

मला सहन झालं नसतं म्हणून?

...ताई, हसू नका. अहो, निघा बरं तुमी. ताई. हसू नका ना.